परत बसवायची का?

रुचिराचा पहिल्या वर्षी फिजिओथेरपीला नंबर लागला होता, ही गोष्ट पुढे घरात कुणी काढेनासं झालं.

वरवड्याच्या खारवीवाड्यातून नीटला बसलेली ती पहिलीच मुलगी. तिचा बाप आत्माराम दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होता. समुद्रात बोट त्याच्या शब्दावर चालायची, पण किनाऱ्याला लागली की मालकाची व्हायची. आई गुणवंती गणपतीपुळ्याच्या हॉटेलांना मागच्या दाराने मासळी पुरवायची. निकाल लागला तेव्हा मासेमारीची बंदी होती. बोटी वर ओढून शाकारून ठेवलेल्या, आणि आत्माराम पडवीत जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन बसलेला. रुचिराने मोबाइलवरून मान वर केली आणि आकडा सांगितला.

"म्हंजे डॉक्टर झालीस?" त्याने विचारलं.

"नाही हो बाबा. एमबीबीएसला कमी पडतील. फिजिओथेरपी मिळेल."

"त्यात काय असतं?"

"हातपाय आखडलेल्यांना व्यायाम देऊन बरं करायचं."

आत्मारामने जाळं बाजूला केलं. त्याच्या बोटीवरच्या निम्म्या माणसांच्या कंबरा गेलेल्या होत्या. "मग बरंच हाय की," तो म्हणाला. तेव्हा त्याला ते खरोखरच बरं वाटलं होतं.

प्रवेशयादीत तिचं नाव सांगलीकडच्या एका कॉलेजात लागलं. कागद जमवून झाले, बॅगसुद्धा काढून पुसली. मग एक दिवस तिच्या क्लासच्या अजिंक्य सरांचा फोन आला. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ त्यांचा क्लास. भिंतीवर डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो. सरांनी बापलेकीला समोर बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "काका, हिची ताकद एमबीबीएसची आहे. एक वर्ष म्हणजे काय हो? पुढे आयुष्यभर डॉक्टर म्हणून मिरवायचंय. दुसऱ्या वेळेस बसणाऱ्यांचे मार्क वाढतातच. मी लिहून देतो."

सर खोटं बोलत नव्हते. मार्क वाढायचेच.

दोघं जिना उतरून खाली आली. एसटी स्टँडाकडे चालताना आत्माराम म्हणाला, "जाळ्यात आज नाय आलं तर उद्या परत टाकतोच की आपण. तुझ्या मनात काय हाय?"

रुचिराच्या मनात भिंतीवरचे फोटो होते. "मी बसते परत," ती म्हणाली.

त्या वर्षी ती रत्नागिरीतच दोन मुलींबरोबर एका खोलीत राहिली. घरी यायची ती सणापुरती. धाकटी बहीण दिशा तेव्हा शाळेत होती. ती रुचिराची पुस्तकं उघडून चित्रं बघायची, बेडकाच्या हृदयाला नाक डोळे काढायची आणि मार खायची. रुचिरा मात्र हसणं विसरल्यासारखी झाली होती. जेवताना ताटाशेजारी पुस्तक, झोपेत तोंडाने रसायनांची नावं. गुणवंतीने एकदा तिच्या केसांना तेल लावताना म्हटलं, "बाय माझे, केस किती गळतायत गो तुझे." रुचिरा म्हणाली, "आई, लवकर आटप."

दुसरा निकाल लागला आणि मार्क खरंच वाढले. थोडेथोडके नव्हेत, चांगले पन्नासाच्या वर. सरांनी फोनवरच अभिनंदन केलं. वाड्यात पेढे वाटले गेले. समोरची यमुनाबाई, जिला स्वतःच्या सुनेचं कौतुक कधी जमलं नाही, तीसुद्धा येऊन रुचिराच्या तोंडावरून हात फिरवून गेली.

मग गुणवत्ता यादी आली, आणि तिच्यात रुचिराचा नंबर आदल्या वर्षापेक्षा मागे गेलेला होता.

आत्मारामला हे काही केल्या समजेना. "मार्क वाढले ना गो? मग मागं कशी गेलीस?"

"सगळ्यांचेच वाढले, बाबा. पेपर सोपा होता. आणि पुढे आहेत ते पण सगळे परत बसलेलेच आहेत. कोणी दुसऱ्यांदा, कोणी तिसऱ्यांदा."

"मग वाढले म्हंजे काय झालं?"

तिने कॉलेजांचे पर्याय भरताना नुसतं एमबीबीएसच भरलं होतं. वर्ष घालवून पुन्हा फिजिओथेरपीच घ्यायची, तर मग वर्ष घालवलं कशाला, असं तिला वाटलं होतं. ते वाटणंही चुकीचं नव्हतं. एकेक पाऊल बघितलं तर तिची कुठलीच गोष्ट चुकीची नव्हती. फेऱ्या संपल्या, याद्या बंद झाल्या, आणि तिला काहीच लागलं नाही. या खेपेला सर म्हणाले, "इतक्या जवळ आल्यावर सोडतात का कोणी?" रुचिराने मान डोलवली आणि तिसऱ्यांदा बसायचं ठरलं.

तिसऱ्या वर्षाचं सांगण्यासारखं काही नाही. तेच धडे, तीच गणितं, तेच विनोद सरांच्या तोंडी त्याच जागी. तिच्या बरोबरीच्या मुली कुठे कुठे गेल्या होत्या. खोलीतली एक पार्टनर कंटाळून फार्मसीला गेली, तिच्या जागी नवीन आली. रुचिराला आता पुस्तकं पाठ झाली होती आणि तेच वाईट झालं. चिपळूणच्या केंद्रावर पेपर सोडवताना फिजिक्सचा एक प्रश्न आला. तिने तो आधी सोडवला होता. कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर, पानाच्या उजव्या बाजूला खाली, शेजारी शाईचा डाग पडलेला, हे सगळं तिला लख्ख दिसलं. फक्त उत्तर दिसेना. ती त्या पानाकडे बघत बसली. दुसऱ्या प्रश्नाकडे गेली तर तिथेही पानच दिसलं. बाहेर आली तेव्हा आत्माराम गेटपाशी झाडाखाली उभा होता. त्याने तिचं तोंड बघितलं. रसवंतीवर नेऊन रस पाजला आणि दोघं घरी आली.

मार्क पहिल्या वर्षापेक्षाही खाली आले. आता फिजिओथेरपीही हाती लागण्यातली नव्हती.

रुचिराने रत्नागिरीत बीएस्सीला नाव घातलं. मधली वर्षं कुठे होतीस, याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. कोर्टापाशी बसणाऱ्या टायपिस्टने सवयीने विचारलं, "कारण काय लिहू? आजारपण की नीट?" वर्गातली मुलं तिच्याहून लहान, पहिल्या दिवशी एकीने तिला मॅडम समजून वाट दिली. संध्याकाळी ती अजिंक्य सरांच्याच क्लासला मुलांच्या शंका सोडवायला जाऊ लागली. सरांनी आपण होऊन बोलावलं होतं. तिला ते काम छान जमायचं. मुलाने प्रश्न पुढे केला की त्याचं कुठे अडलंय ते ती आधीच ओळखायची. सगळ्या अडायच्या जागा तिच्या पायाखालच्या होत्या.

आता दिशाबद्दल सांगायला हवं.

दिशा कुठल्याच क्लासला गेली नाही. रुचिरानंतर घरात क्लास हा शब्द काढायची सोय नव्हती. ती मालगुंडला कॉलेजला जायची, येताना मैत्रिणींबरोबर खिदळत यायची आणि रुचिराच्याच जुन्या पुस्तकांवर अभ्यास करायची. आळशी नव्हती, पण जिवाला लावून घेणारी नव्हती. कंटाळा आला की उठून खाडीवर जायची. फिजिक्सचे दोन मोठे धडे तर तिने उघडलेही नाहीत. "ते बाई मला जमत नाहीत," म्हणाली आणि सोडून दिले. नीटला बसली तीही शाळेच्या सहलीला गेल्यासारखी.

आणि तिला रुचिराच्या तिन्ही वेळांपेक्षा जास्त मार्क पडले. थोडे नव्हे, कितीतरी जास्त.

निकाल कळला तेव्हा रुचिरा चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती. दिशा मोबाइल घेऊन पळत आली. रुचिराने आकडा वाचला, परत वाचला आणि तिला मिठी मारली. त्या क्षणी तिला फक्त आनंद झाला होता. पुढे ती स्वतःला हे वारंवार सांगायची, आणि ते खरंही होतं.

पण त्या वर्षी सगळीकडेच मार्कांना पूर आला होता. रत्नागिरीत आता सरकारी मेडिकल कॉलेज झालं होतं. वाड्यातल्या बायका म्हणत होत्या, दिशा घरचा डबा घेऊन डॉक्टरकी शिकणार. यादी वर वर सरकत गेली. शेवटच्या फेरीत रत्नागिरीला लागणाऱ्या मार्कांच्या जरा अलीकडे, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर ती राहिली. तिला मराठवाड्यातल्या एका कॉलेजात आयुर्वेद लागलं.

"मी नाही जाणार," दिशा म्हणाली. "मी परत बसते. एकदाच."

आत्माराम जेवत होता. त्याने हातातला घास ताटात ठेवला. "परत बसायचं नाव या घरात नाय काढायचं."

"ताई तीनदा बसली. मला एकदा नाही?"

"म्हणूनच नाय." एवढं बोलून तो उठला. आत्माराम मुलींवर आवाज चढवणारा माणूस नव्हता. तेव्हाही चढवला नाही. गुणवंती ताटातल्या अर्धवट भाताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दिशा रुचिराला घेऊन खाडीच्या बंधाऱ्यावर गेली. ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. "तू सांग बाबांना," ती म्हणाली. "तुझं ऐकतील. तुला सगळं माहीत आहे यातलं."

"आयुर्वेदातही डॉक्टरच होशील गो."

"तू पहिल्या वर्षी फिजिओथेरपी का नाही घेतलीस मग?" दिशा लगेच वरमली. "तसं नाही म्हणायचं मला. पण ताई, तू माझा पेपर बघ. तूच बघ आणि सांग."

रुचिराने पेपर बघितला. दिशाची सगळी उत्तरं तिने क्लासातल्या एखाद्या मुलाची बघावी तशी तपासली. जीवशास्त्रात क्वचित चूक. रसायनशास्त्र सरळ. गेले ते मार्क त्या दोन न उघडलेल्या धड्यांतले. रुचिराने क्लासात इतकी मुलं पाहिली होती की तिला हे आता डोळे मिटून कळायचं. सगळं वाचूनही ज्यांचं चुकतं, ते परत बसून फारसे पुढे जात नाहीत. ज्यांचं वाचायचंच राहून गेलेलं असतं, ते जातात. ती स्वतः पहिल्यातली होती. दिशा दुसऱ्यातली. दिशाने परत बसायला हवं होतं.

"बघते," ती म्हणाली. "बोलते बाबांशी."

नारळी पौर्णिमा जवळ आलेली. आत्माराम बोटीला रंग देत होता. रुचिरा चहाची किटली घेऊन गेली तेव्हा तो बोटीच्या पुढच्या टोकाशी, नाळेखाली वाकून निळ्या रंगाचा हात मारत होता. तिला बघून तो उभा राहिला, ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला आणि तिने काही बोलायच्या आधी त्यानेच विचारलं.

"तू सांग मला. तिला परत बसवायची का?"

रुचिराने ओतायला घेतलेला चहा थांबवला.

"मी अडाणी माणूस," आत्माराम म्हणाला. "मागच्या खेपेला त्या सरांचं ऐकलं. तुझं वाटोळं झालं ते माझ्या हातानं झालं असं तुझी आई तोंडानं बोलत नाय, पण मला कळतं. आता तू सांगशील ते. तू हो म्हणालीस तर बसवतो."

तिच्या समोर दिशाचा पेपर होता आणि ते दोन धडे होते. त्याच्याआड चिपळूणचं केंद्र होतं, उत्तराशिवायचं पान होतं, आणि दिशा, जी अजून हसत होती, ती रत्नागिरीच्या त्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. हे सगळं होतंच. पण आणखीही काहीतरी होतं. पांढरा कोट घालून दिशा सकाळी रत्नागिरीच्या एसटीत चढते आहे, आणि त्याच गाडीत मागे आपण बीएस्सीच्या वह्या घेऊन बसलो आहोत, असं काहीतरी. ते चित्र किती वेळ राहिलं आणि त्याने काय केलं, ते तिला नंतर कधीच ठरवता आलं नाही.

"नको, बाबा," ती म्हणाली. "काही सांगता येत नाही यातलं. मिळतंय ते घेऊ दे."

आत्मारामने मोठा श्वास सोडला. खांद्यावरचं ओझं कुणीतरी उचलल्यासारखा त्याचा चेहरा सैल पडला. "तू म्हणतेस तर नको," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

घरी दिशा दारातच होती. रुचिरा म्हणाली, "नाही ऐकत गो ते." दिशाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन बॅग काढली. ती रडली नाही, भांडली नाही, आणि त्यामुळे कुणालाच काही समजावता आलं नाही. आत्माराम तिला पोचवायला गेला. परत आल्यावर तो बराच वेळ तिथल्या उन्हाबद्दल बोलत होता. तिथे समुद्र कुठल्या बाजूला आहे हेच म्हणे कळत नाही.

दिशाचे फोन यायचे, पण आईला. रुचिराने विचारलं की, बरं आहे, एवढंच. आयुर्वेदात ती पास होत होती. आवडतंय का म्हणून विचारायचं धाडस रुचिराने केलं नाही.

पुढच्या वर्षीचा नीटचा पेपर मात्र भयंकर कठीण निघाला. संध्याकाळी क्लासात मुलं पांढऱ्या तोंडाने बसली होती. निकाल आला तेव्हा सगळ्यांचेच मार्क कोसळले होते, आणि त्याबरोबर यादीही धाडकन खाली आली. आदल्या वर्षी ज्या मार्कांना कुणी विचारलं नसतं, तेवढ्यावर मुलं रत्नागिरीच्या कॉलेजात जाऊन बसली. अजिंक्य सर भिंतीवर नवे फोटो लावून घेत होते. खुर्चीवर चढलेल्या माणसाला फोटो सरळ कर म्हणून सांगता सांगता ते रुचिराला म्हणाले, "तुझ्या बहिणीचे मागच्या वर्षी किती होते गं? अरे देवा. यंदा बसली असती तर मुंबईसुद्धा मिळाली असती."

रुचिराला माहीत होतं, हिशेब असा नसतो. पेपर कठीण होता म्हणून यादी खाली आली. दिशाचेही मार्क खालीच आले असते. किती, ते देवाला ठाऊक. त्या दोन धड्यांवर यंदा प्रश्नही वाकडे होते. पण दिशाने ते धडे वर्षभर केले असते. तर मग? ती खुर्चीवरच्या माणसाला म्हणाली, "डावीकडे थोडा वर." आणि मुलांच्या शंका घ्यायला आत गेली.

त्या आठवड्यात दिशाचा फोन आला. या वेळी रुचिराच्या मोबाइलवर. गुणवंती पावसाची उघडीप बघून अंगणात मुशी माशाचे तुकडे वाळत घालत होती, रुचिरा पडवीत होती.

"यादी बघितलीस?" दिशाने विचारलं.

"बघितली."

"बरं." मागे वसतिगृहातल्या कुणाच्या तरी बादलीचा आवाज. "ताई, एक विचारू? बाबा मागे मला पोचवायला आले होते ना, तेव्हा गाडीत म्हणाले, ताई नको म्हणाली म्हणून मी नको म्हटलं. मला वाटलं, स्वतःवरचा माझा राग दुसरीकडे वळवायला म्हणून बोलतायत. तू खरंच नको म्हणालीस?"

रुचिराला खोटं बोलता आलं असतं. बापावर ढकलणं एकदा जमलं होतं.

"हो," ती म्हणाली. "मी नको म्हणाले."

"पेपर बघून?"

"पेपर बघून."

"का?"

मला भीती वाटली, असं रुचिराच्या ओठांवर आलं. ते खरं होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि अर्धवट काही दिशाच्या हातात द्यायला तिचं मन घेईना. आंब्यावर कावळा ओरडत होता.

"आईला दे," दिशा म्हणाली.

गुणवंतीने ओले हात लुगड्याला पुसले आणि फोन कानाशी धरला. मुशीला यंदा भाव नाही, यमुनाबाईच्या सुनेला मुलगा झाला, तुझ्या बाबांचा खांदा दुखतो, असं काहीबाही ती मोठ्याने सांगत होती. मध्येच हसली. दिशाही तिकडून हसली असावी. रुचिरा आत गेली.

गणपतीत सगळा वाडा माणसांनी भरला. मुंबईची माणसं आली, गाड्या लागल्या, घराघरांतून आरत्यांचे आवाज येऊ लागले. दिशाने गाडीचं रिझर्वेशन मिळालं नाही म्हणून कळवलं. आत्मारामने ते ऐकून घेतलं. मखराला दिव्यांची माळ लावता लावता त्याने रुचिराला विचारलं, "रिझर्वेशन नाय मिळालं, एवढंच कारण नाय ना? एवढ्या लांबून पोरं एसटी बदलत येतात."

"परीक्षा आहे तिची, बाबा," रुचिरा म्हणाली.

"हां. मग बरोबर हाय." तो स्टुलावरून उतरला आणि बटण दाबलं. माळेतले निम्मे दिवे लागले, निम्मे नाही. तो पुन्हा चढला आणि एकेक बल्ब काढून तपासायला लागला. रुचिराने खालून स्टूल धरून ठेवलं.